आई ए, बाबा बी आणि भाऊ ओ!

आज रक्तगट तपासताना टाइलवरचे थेंब अगदी जवळून पाहिले. अँटी-ए (ए गटाच्या रक्तपेशींच्या गुठळ्या करणारं द्रव) मिसळताच लाल थेंबात रवाळ गुठळ्या झाल्या. शेजारचा अँटी-बीचा थेंब मात्र ढिम्म. म्हणजे गट ए.

मैत्रिणीनं विचारलंच, "आई ए, बाबा बी, मग भाऊ ओ कसा?" अगं, होतं असं! दोघांकडेही एकेक ओ जनुक दडलेलं असू शकतं. मुलाला दोन्हीकडून तेच मिळालं की गट ओ. (उगाच संशय घेणाऱ्यांनो, ऐकताय ना?)

खरा चकवा बॉम्बे रक्तगटाचा. डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो १९५२ साली नोंदवला. त्यात एच अँटिजेनच (रक्तपेशींवरची खूण, जिच्यावर ए आणि बीच्या खुणा तयार होतात) नसतं, त्यामुळे साध्या तपासणीत तो ओ वाटतो, पण ओ पेशींवर एच असतं, म्हणून ओ रक्तही चालत नाही. सीरमची (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवाची) ओ पेशींशी गाठ घातली की गुठळ्या होतात आणि बिंग फुटतं.