दोर ओढायच्या आधी

ट्रेकला एक सोय असते. जमत नाही असं वाटलं, की आल्या वाटेने परत फिरता येतं. कॅन्यनिअरिंगमध्ये, म्हणजे अरुंद घळीतून खाली खाली उतरत जाण्याच्या खेळात, ही सोय पहिल्या रॅपलनंतरच, म्हणजे दोरावरून पहिला कडा उतरल्यावरच संपते. शेवटचा माणूस खाली आला की दोर ओढून घ्यायचा, कारण पुढच्या टप्प्यावर तोच लागणार असतो. दोर हातात आला की वरची वाट बंद. मग पुढे पाणी गार असो, घळ अंगाला घासणारी असो, नाहीतर कुणाचा गुडघा कुरकुरत असो, बाहेर पडायचं ते खालच्या तोंडानेच. म्हणून यूटाच्या वाळवंटातल्या आमच्या सहलीबद्दल लिहिताना मला आधीच्या हिवाळ्याबद्दलच जास्त लिहावं लागणार आहे. खरे निर्णय तेव्हाच झाले.

आम्ही चौघं. मी, नवरा नचिकेत, आणि केतन-मानसी. ट्रेकिंगचे पाय सगळ्यांनाच, आणि सह्याद्रीत कधी ना कधी रॅपलिंगही प्रत्येकाने केलेलं. पण ते दुसऱ्याने लावलेल्या दोरावर! कमरेचा पट्टा, म्हणजे हार्नेस, कुणीतरी घट्ट करून दिलेला, वर एक दादा 'पाय लांब ठेवा, मागे बसा' म्हणून ओरडणारा. उतरता येणं आणि दोर लावता येणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. त्यामुळे आम्ही स्वतःला सरळ 'नवशिके' या रकान्यात टाकलं आणि मगच नकाशा उघडला.

मानसीच्या डोक्यात यूटामधलं झायन नॅशनल पार्क पक्कं होतं. तिथल्या लालसर, वळणदार भिंतींचे फोटो पाहिले की कुणाचंही होईल. मी मात्र झायनच्या विरोधात होते, आणि माझी कारणं अशी. तिथल्या प्रत्येक तांत्रिक घळीला, म्हणजे जिथे दोर लागतो अशा घळीला, परमिट लागतं. ते मिळवता येईल, पण पार्कच्या आत कॅन्यनिअरिंगसाठी पैसे देऊन गाइड नेता येत नाही. म्हणजे नवख्यांनी आपापल्या भरवशावर उतरायचं. दुसरं कारण ऋतूचं. वसंतात डोंगरमाथ्यावरचा बर्फ वितळत असतो. तिथल्या नॅरोज या प्रसिद्ध घळीत व्हर्जिन नदीतूनच चालायचं असतं, आणि नदीचा प्रवाह सेकंदाला १५० घनफुटांवर गेला की ती वाट बंद करतात. एप्रिल-मेमध्ये ती बंद असणं हे नित्याचंच.

तिसरं कारण म्हणजे पुराची भीती. १४ सप्टेंबर २०१५ रोजी झायनच्या कीहोल कॅन्यनमध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात सात जण गेले. कीहोल काही मोठी घळ नाही, सरावाची माणसं ती काही तासांत उरकतात. ते पावसाळी दिवस होते हे खरं. या पठारावर गडगडाटी पावसाचे महिने जुलै ते सप्टेंबर, वसंतात धोका त्यामानाने कमी. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. उघडा वालुकाश्म पाणी फारसं पितच नाही. काही मैलांवर पडलेला पाऊस उतारावरून सगळा एकाच फटीकडे धावतो, आणि त्या फटीत उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर आभाळ निळंच असू शकतं.

मात्र वसंतात रोजचा शत्रू पूर नसून गारठा असतो, आणि नवखे लोक नेमके इथेच गाफील राहतात. वाळवंट म्हटलं की ऊन डोळ्यांपुढे येतं. स्लॉट कॅन्यनच्या, म्हणजे फटीसारख्या अरुंद आणि खोल घळीच्या, तळाशी मात्र ऊन पोचतच नाही. हिवाळ्यात साठलेलं पाणी खडकातल्या रांजणखळग्यांत तसंच पडून असतं आणि मेमध्येही ते हाडं गोठवतं. बाहेर टी-शर्टवर फिरणारा माणूस आत पंधरा मिनिटांत दात वाजवायला लागतो. मग बोटं बधिर होतात, आणि बधिर बोटांनी कॅराबिनरचा, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीचा, स्क्रू फिरवायचा असतो. म्हणून पाण्याच्या घळीला वेटसूट, म्हणजे गार पाण्यात अंग ऊबदार ठेवणारा रबरी पोशाख, हवाच. आम्ही विचार केला, पहिल्याच खेपेला दोर शिकायचा की थंडीशी झुंजायचं? दोन्ही एकदम नको.

इथे घळींची श्रेणी उपयोगी पडली. अमेरिकेत ती '३ए २' अशा धर्तीवर लिहितात. शेवटचा आकडा रोमन असतो. पहिला आकडा १ ते ४: १ म्हणजे नुसतं चालणं, २ म्हणजे हातापायांनी चढउतर, ३ म्हणजे दोर लागणार, ४ म्हणजे अवघड काम. मधलं अक्षर पाण्याचं: ए कोरडी किंवा जेमतेम चिखल-पाणी, बी पोहावं लागणारी, सी वाहत्या पाण्याची. रोमन आकडा वेळेचा, दोन म्हणजे साधारण अर्धा दिवस. पुढे आर किंवा एक्स लागलं असेल तर चुकीला माफी नाही असं समजायचं. आमची चाळणी सोपी होती: ३ आणि ए, वेळ दोनच्या वर नको, आर दिसलं की पान उलटायचं.

चौथ्या श्रेणीबद्दल वाचताना केतन एका गोष्टीवर अडकला आणि त्याने आम्हालाही अडकवलं. खोल, गुळगुळीत रांजणखळगा पाण्याने काठोकाठ भरलेला असेल तर पोहून पलीकडे जाता येतं. तोच अर्धा रिकामा असेल तर पलीकडचा काठ डोक्याच्या कितीतरी वर राहतो, पाय टेकवायला जागा नसते आणि माणूस हौदात पडलेल्या बेडकासारखा आतच फिरत राहतो. म्हणजे कोरडं वर्ष सोपं असं काही नाही. गेल्या महिन्यात कुणी सहज केलेली घळ या महिन्यात सापळा झालेली असू शकते. जुन्या वर्णनांवर भिस्त ठेवू नये ती यासाठीच.

झायन बाजूला पडलं तसं यूटातलंच मोआब हे गाव पुढे आलं. आजूबाजूची बरीच जमीन ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी खात्याकडे, तिथे गाइड मिळतात, आणि एप्रिलात दिवसा बावीस-तेवीस अंश, रात्री पाच-सहा, असं हवामान. मोआबची एक अडचण मात्र तारखा ठरवण्याआधीच पाहून ठेवावी. १९६७ पासून तिथे दर ईस्टरला जीप सफारी भरते. त्या आठवड्यात गावात गाड्यांचा असा पूर येतो की तंबूलाही जागा मिळायची मारामार. आम्ही ईस्टर उलटून गेल्यानंतरचे दिवस घेतले.

सामानाची खरेदी नचिकेतकडे होती, आणि त्यात गणित चालतं, हौस नाही. शंभर फुटांचं रॅपल दुहेरी दोरावर करायचं तर दोर दोनशे फुटांचा हवा. नाहीतर एकेरी दोर आणि ओढायला वेगळी बारीक पुल कॉर्ड. दोर स्टॅटिक हवा, म्हणजे न ताणला जाणारा. क्लाइंबिंगचा ताणणारा दोर इथे खडकाच्या कडेवर वरखाली घासत बसतो. हेल्मेट, हार्नेस, हातमोजे प्रत्येकाचे स्वतःचे. पाणी माणशी दिवसाला चार लिटर. उपग्रहावरून संदेश पाठवणारं एक यंत्र, कारण घळीत मोबाइल म्हणजे नुसता कॅमेरा. शिवाय शौचाच्या पिशव्या. त्यावर हसून झालं, पण त्या अरुंद जागेत पुरायला माती नसते, सगळं परत आणावंच लागतं.

केतनच्या थोरल्या भावाकडे आमचा बेत लिहून ठेवला: कुठली घळ, गाडी कुठे, बाहेर पडायची वेळ काय. केतन त्याला फोनवर सांगत होता, "दादा, रात्री नऊपर्यंत मेसेज आला नाही तर शेरीफच्या ऑफिसला फोन कर, मला नको." तिकडे शोधमोहिमा काउंटीचा शेरीफच चालवतो. ॲरन राल्स्टन या अमेरिकन गिर्यारोहकाची गोष्ट बहुतेकांना दगडाखाली अडकलेल्या हातासाठी आठवते. मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. एप्रिल २००३ मध्ये यूटाच्याच ब्लूजॉन कॅन्यनमध्ये तो पाच दिवसांहून जास्त अडकून पडला, आणि तो कुठे गेलाय हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मोआबला पहिली घळ गाइडबरोबर केली, एफेड्राज ग्रोटो. तिलाच बरेच लोक मिडीव्हल चेंबर म्हणतात. रॅपल दोनच, दोन्ही शंभर फुटांच्या आसपास, आणि शेवटी मॉर्निंग ग्लोरी नावाचा २४३ फूट लांबीचा नैसर्गिक दगडी पूल. गाइडने सुरुवातीलाच सांगून टाकलं की दोर तुम्ही लावणार, मी फक्त बघणार. वर जाताना स्लिकरॉकवरून, म्हणजे उघड्या गुळगुळीत खडकावरून, नाहीतर कोरड्या ओहोळातून चालायचं, मध्ये काळपट खरबरीत मातीचं कवच दिसलं तर त्यावर पाय द्यायचा नाही. ते कवच जिवंत असतं, सूक्ष्मजीवांनी वाळू धरून ठेवलेली असते, आणि पावलाखाली मोडलं की भरून यायला दशकं लागतात.

पहिल्या अँकरपाशी, म्हणजे दोर जिथे अडकवायचा त्या जागेपाशी, आम्ही बराच वेळ घालवला. सहलीतला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात मोलाचा वेळ तोच. अँकरला बांधलेली वेबिंगची, म्हणजे विणलेली नायलॉनची, पट्टी बोटांत धरून मुडपून बघायची: उन्हाने विटली आहे का, कडक झाली आहे का, दगडाला घासून कुठे केस निघालेत का. गाठीची शेपटं पुरेशी लांब आहेत का. पट्टीतल्या लोखंडी कडीच्या आतल्या बाजूला दोराने खाच पाडली आहे का. कडी खडकाच्या कडेपासून फार मागे असेल तर दोर ओढताना कडेवर घासतो, अडकतो, आणि मऊ वालुकाश्मात कायमची चीर पाडतो. अशा किती चिरा तिथे दिसल्या! कुणीतरी दहा फूट जास्तीची वेबिंग वापरली असती तर त्या पडल्या नसत्या.

मानसी पहिली उतरली. खाली पोचल्यावर तिने दोन्ही दोर हातात धरले. वरच्याचा हात सुटलाच तर खालच्याने दोर जोरात ताणायचा, की वरचा जागच्या जागी थांबतो. याला तिकडे 'फायरमन्स बिले' म्हणतात. नवख्यांसाठी याच्याइतकं स्वस्त आणि पक्कं संरक्षण दुसरं नाही. फक्त पहिल्या माणसाला ते मिळत नाही, म्हणून पहिला नेहमी जाणता हवा, किंवा त्याला वरून धरून ठेवायला हवं. गाइडने तिला वरून धरलं होतं.

मग एक गोष्ट गाइडने करून घेतली, जी मी यापुढे कधी सोडणार नाही. शेवटचा माणूस वर असतानाच खालून दोर थोडा ओढून पाहायचा. सरकतोय? मग शेवटच्याने यायचं. नसेल सरकत तर वरचा माणूस अजून वरच आहे, दुरुस्ती करू शकतो. सगळे खाली आल्यावर कळलं की दोर अडकलाय, तर ते तहान लागल्यावर विहीर खणण्यापैकी. ओढण्याआधी टोकाची गाठ सोडायची, कुठली बाजू ओढायची ते मोठ्याने म्हणायचं, आणि मगच ओढायचं. पहिल्या रॅपलनंतर दोर सळसळत खाली आला तेव्हा चौघांनीही वर बघितलं. वाट गेली होती. मला वाटलं होतं तितकी भीती वाटली नाही, कारण विचारायचे सगळे प्रश्न विचारून झाले होते.

दुसऱ्या रॅपलला पुलाशेजारून हवेत लोंबकळत उतरायचं. खाली पायवाटेने आलेली माणसं मान वर करून बघत होती, एक चिमुरडी टाळ्या वाजवत होती. गाइडचं लक्ष मात्र झुडपांकडे. पुलाखाली झरा आहे आणि ओलाव्यावर पॉइझन आयव्ही माजलेली. तीन-तीन पानांचा झुबका, दिसायला साधाभोळा, अंगाला लागला की दिवसेंदिवस खाज आणि फोड. "दोराची टोकं तिकडे पडू देऊ नका," तो म्हणाला. आयव्हीचं तेल दोराला लागलं तर पुढे प्रत्येक हाताला लागणार.

परतीच्या वाटेवर सॅन राफाएल स्वेल हा यूटातलाच खडकाळ उंचवट्याचा प्रदेश. गॉब्लिन व्हॅली स्टेट पार्कातली गॉब्लिन्स लेअर ही गुहेसारखी जागा आम्ही आमच्या आम्ही केली. छताच्या भोकातून साधारण नव्वद फूट अधांतरी उतरायचं, एकच रॅपल. परमिट लागतं, तेवढं आधी काढलेलं. निवडली ती एका कारणासाठी: तळातून दगडांवरून चढून पायी बाहेर पडता येतं. दोर ओढल्यावरही वाट शिल्लक राहते अशी जागा स्वतंत्र पहिल्या प्रयत्नाला याहून बरी कुठली मिळणार? दोर नचिकेतने लावला, तपासला केतनने, आणि नंतर मी पुन्हा तपासला. नचिकेतला ते आवडलं नाही. न का आवडेना.

दुपारी जवळच्याच लिटल वाइल्ड हॉर्स कॅन्यनमध्ये जायचं होतं. दोर लागत नाही, बेल कॅन्यन जोडून आठेक मैलांचा फेरा. पण सकाळच्या अंदाजात स्वेलवर गडगडाटी सरी होत्या, आणि ते पाणी वाहून येतं ते याच फटीतून. आभाळ तोवर स्वच्छ होतं, पार्किंगमध्ये गाड्या लागत होत्या. आम्ही गॉब्लिन व्हॅलीच्या मोकळ्या पटांगणात दगडी भुतांमधून भटकलो आणि गाडी सॉल्ट लेककडे वळवली. त्या दिवशी तिथे पाणी आलं का, ते आम्ही नंतर शोधायलाही गेलो नाही.

आता दोर धुऊन बाल्कनीत सावलीला टाकलाय, वाळू निघता निघत नाही. केतनला पुढच्या वेळी हँक्सव्हिलच्या दक्षिणेला नॉर्थ वॉशमधली लेप्रेकॉन घळ करायची आहे. कोरडी, पण इतकी अरुंद की पाठ एका भिंतीला आणि गुडघे दुसऱ्या भिंतीला टेकवत सरकायचं. मानसीने झायनच्या परमिटचं पान अजून बंद केलेलं नाही. तिला म्हटलं, आधी वेटसूट घालून गार पाण्यात अर्धा तास काढून दाखव, आणि त्यानंतर त्याच बोटांनी कॅराबिनरचा स्क्रू लाव. मग बघू.