लॉगिन होईना: एका रिकाम्या ओळीचे सहा तास

आमच्या वाचनालयाची पीएचपी या भाषेत लिहिलेली जुनी साइट कंटेनरमध्ये (प्रोग्रामला लागणारं सगळं सोबत बांधलेल्या सुट्या डब्यात) हलवायची होती. डेटाबेस, मुखपृष्ठांचे फोटो, सगळं दुपारी दोनपर्यंत उरकलं. मग सभासद लॉगिन करून पाहिलं आणि रात्री आठपर्यंत तिथेच रुतलो.

स्क्रीनवर चूक आली, ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’, म्हणजे पानाच्या आधी जायची माहिती (हेडर्स) केव्हाच रवाना झाली. पुढे कॉन्फिग (साइटच्या सेटिंग्जच्या) फाइलचं नाव आणि ओळ क्रमांकसुद्धा. पण त्या फाइलला मी कित्येक वर्षं हात लावला नव्हता, जुन्या सर्व्हरवर तीच मुकाट चालत होती. म्हणून तिला निर्दोष धरलं. कंटेनर दोनदा नव्याने बांधला. सेशनच्या (कोण लॉगिन आहे त्या नोंदींच्या) फोल्डरच्या परवानग्या बदलल्या. मध्येच ग्रंथपाल काकांचा फोन, “अहो, झालं का?” “होतंय काका.”

शेवटी फाइलच्या तळाशी गेलो. पीएचपीचा टॅग बंद केल्यावर (‘?>’ ही कोड संपल्याची खूण) लगेच आलेली एक नवी ओळ पीएचपी गिळून टाकतं. माझ्या फाइलीत दोन होत्या. उरलेली ब्राउझरकडे रवाना, आणि एकदा काही रवाना झालं की मागून रीडायरेक्ट (लॉगिननंतर पुढच्या पानावर नेणारा हेडर) पाठवता येत नाही.

बरं, मग इतकी वर्षं कसं चाललं? याच प्रश्नाने जास्त छळलं. पीएचपीच्या मॅन्युअलमध्ये आउटपुट बफरिंगचं (ब्राउझरकडे जाणारा मजकूर आधी थोडा साठवून ठेवण्याचं) डीफॉल्ट मूल्य ० आहे, म्हणजे बंद. पीएचपीसोबत येणाऱ्या दोन्ही नमुना आयएनआय (पीएचपीच्या सेटिंग्जच्या) फाइलींत, डेव्हलपमेंट आणि प्रॉडक्शन, ते ४०९६ आहे. मी आजवर नमुन्यालाच डीफॉल्ट समजत आलो. जुन्या सर्व्हरवर त्या ४०९६ बाइटांच्या आडोशाला माझी रिकामी ओळ लपून बसायची. पीएचपीच्या अधिकृत कंटेनर इमेजमध्ये (ज्या साच्यातून कंटेनर बनतो त्यात) हे दोन्ही नमुने ठेवलेले असतात, पण लागू एकही नसतो. नमुन्यातल्या टिपणीत हा फरक चक्क लिहिलेला आहे, वाचतो कोण!

तेव्हा आधी पीएचपी इन्फोचं (चालू सेटिंग्ज दाखवणारं) पान ब्राउझरमध्येच उघडा (टर्मिनलची आयएनआय कित्येकदा वेगळी असते) आणि ‘लोडेड कॉन्फिगरेशन फाइल’ ही ओळ बघा. माझ्याकडे तिथे ‘नन’, म्हणजे एकही नाही, असं होतं.

प्रॉडक्शनचा नमुना आयएनआय म्हणून कॉपी केला, लॉगिन झालं. हो, त्यात डिस्प्ले एरर्स (चुका पानावर दाखवणं) बंद असतं, त्यामुळे पुढची चूक कोरं पान होऊन येते. चुकांचा लॉग कुठे जातो ते आधी बघून ठेवा. ती ओळ मात्र मी बंद टॅगसकट उडवली. मग सगळ्या फोल्डरांत शोध घेतला, तर अशाच शेपट्या आणखी सात फाइलींत निघाल्या.