तिनं न छापलेली ओळ

रात्री जेवणं झाली, ओटा पुसला, आईच्या गोळ्या दिल्या की साडेदहाच्या सुमारास मी लंडनला असते, साधारण १८१५ च्या लंडनला. गेली चार वर्षं माझं हेच वाचन चाललंय, त्या काळातल्या प्रेमकथा, आणि त्यातही एकच प्रकार मला पुन्हापुन्हा लागतो. एक मुलगी असते, लग्नाचं वय उलटत चाललेलं, घरात पैसा बेताचा, नाचाच्या दिवाणखान्यात भिंतीला टेकून उभी असते, तिच्याकडे कुणी बघत नाही म्हणून तिला सगळं दिसतं, आणि रात्री मेणबत्ती लावून ती खोट्या नावानं पेपरात सदर लिहिते, कोण कुणाच्या बग्गीतून उतरलं, कुणाचं कर्ज थकलं, कुणाचं जमता जमता मोडलं. आणि एक असतो रंगेल उमराव. घोडे, जुगार, नट्या, कर्ज, सगळं. ती त्याच्यावर लिहिते, तो चिडून लिहिणारा कोण ते शोधायला निघतो, आणि शोधता शोधता पुढचं काय ते तुम्हाला माहितीच आहे.

मला ते पुढचं नाही, मधलं आवडतं. मध्ये कुठेतरी एक रात्र येते, तिच्या हातात त्याच्याबद्दलची अशी काही गोष्ट लागलेली असते की छापली तर पेपर हातोहात संपेल, ती टाक बुडवते, कागदावर धरते, आणि लिहीत नाही. माझ्यासाठी प्रेम तिथेच झालं. नंतरचं चुंबन वगैरे म्हणजे सहीशिक्का.

अशा रंगेल उमरावाला इंग्रजीत रेक म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणायचं यावरून माझं आणि बहिणीचं फोनवर अर्धा तास झालं. इंग्रजीतला तो शब्द रेकहेलचा तुकडा आहे, त्यात सरळ नरकच बसलाय. आपल्याकडे मात्र कोण बोलतंय त्यावर शब्द ठरतो. आमची आजी तिच्या एका चुलतमामाबद्दल बोलताना "मोठा रंगेल गडी हो" म्हणायची आणि म्हणताना हसायची, आणि त्याच मामाची बायको, तिच्या तोंडचा शब्द होता बाहेरख्याली. माणूस एकच. छंदीफंदी हा तिसरा, तो पुस्तकातला. आणि ती सदर लिहिणारी, तिला काय म्हणणार? चहाटळ, कुचाळक्या करणारी, कंड्या पिकवणारी, सगळ्या शिव्याच. पुरुष पारावर बसून तेच बोलले की ती चर्चा. जयवंत दळवींनी ललित मासिकात ठणठणपाळ हे नाव घेऊन साहित्यिकांच्या टोप्या उडवल्या आणि लोक महिनाभर त्याची वाट बघायचे, मग तेच काम बाईनं केलं तर तिला मानाचा एक शब्द का नसावा, मला खरंच राग येतो याचा.

आणि हे सगळं कादंबरीवाल्यांनी हवेतून काढलेलं नाही. १७०९ मध्येच लंडनला फीमेल टॅटलर नावाचा पेपर निघाला होता, लिहिणारी म्हणून नाव मिसेस क्रॅकनथॉर्प, "जिला सगळं ठाऊक असतं अशी बाई", आणि त्या नावामागे नक्की कोण होतं यावर अभ्यासकांचा वाद अजून चालूच आहे. पुढे त्या शतकाच्या शेवटी शेवटी तर पेपरवाल्यांचा धंदाच झाला होता, अमुक पैसे भरा, तुमची बातमी गाळतो, छापून गेली असेल तर आणखी भरा, खंडन छापतो. अब्रूनुकसानीचा दावा होऊ नये म्हणून नाव पूर्ण लिहायचं नाही, पहिलं अक्षर आणि पुढे लांब रेघ, लॉर्ड ब———. कोण ते सगळ्यांना कळायचं आणि कोर्टात कुणाला सिद्ध करता यायचं नाही. ती रेघ मला फार आवडते.

सगळ्यात कमाल बाई म्हणजे हॅरिएट विल्सन. ही सदर लिहिणारी नाही, ही स्वतः उमरावांची ठेवलेली बाई, पण वय झालं, पैसे संपले, ठरलेली पेन्शन मिळेना, तेव्हा तिनं आपल्या आठवणी लिहायला घेतल्या आणि जुन्या जुन्या यारांना पत्रं पाठवली, २०० पौंड द्या, तुमचं नाव वगळते. १८२५ मध्ये त्या आठवणी छापून आल्या आणि प्रकाशकाच्या दुकानासमोर इतकी झुंबड उडाली की अडसर लावावा लागला. ड्यूक ऑफ वेलिंग्टन, हो तोच वॉटर्लूवाला, आणि त्याआधी १८०३ मध्ये आपल्या शिंदे-भोसल्यांशी असईला लढलेला तोच, त्यालाही पत्र गेलं होतं आणि तो म्हणाला छाप आणि जा खड्ड्यात, असं सांगतात. पैसे त्यानं दिले नाहीत आणि तो पुस्तकात आहे. लोक तिला ब्लॅकमेलर म्हणतात, कायद्यानं असेलही, पण ज्यांनी तिला वीस वर्षं वापरलं ते सगळे नंतर बायकापोरांत मानानं बसलेत आणि ही उधारीत, तिनं काय विकायचं होतं, तिच्याकडे माहिती सोडून दुसरं काही उरलंच नव्हतं.

आता बडोद्याचं. माझ्या आजीची आई दांडिया बाजारात वाड्यात राहायची आणि १९११ साली ती नऊदहा वर्षांची होती. त्या डिसेंबरात दिल्ली दरबार झाला, सयाजीराव महाराज बादशहापुढे एकदाच वाकले आणि पाठ फिरवून गेले म्हणून विलायतेच्या पेपरांनी केवढं काहूर केलं ते सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण वाड्यात बायका कुजबुजत होत्या ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. राजकन्या इंदिराराजे यांचं लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलेलं, ते त्यांच्याहून पंधरासोळा वर्षांनी मोठे, पहिली राणी घरात, आणि तिकडे दिल्लीत इंदिराराजेंचा जीव जडला कूचबिहारच्या जितेंद्रनारायणांवर. राजाचे धाकटे भाऊ, दिसायला देखणे, मौजमजेची आवड, म्हणजे त्या कादंबऱ्यांतला उमराव जसाच्या तसा. आणि या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीनं काय केलं तर स्वतः ग्वाल्हेरला पत्र लिहिलं की मला हे लग्न करायचं नाही. तिकडून तार आली तेव्हा आईवडलांना कळलं!

आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा दर वेळी आवाज खाली आणायची, ऐंशी वर्षांनी, स्वतःच्या घरात, दार लावलेलं असताना. "स्वतः लिहिलंन् गं पत्र." त्या "स्वतः"वर तिचा जोर असायचा.

१९१३ मध्ये लंडनला लग्न झालं, आईवडील हजर नव्हते. थोड्याच दिवसांत थोरले भाऊ गेले आणि जितेंद्रनारायण राजे झाले, आणि १९२२ मध्ये तेही गेले, छत्तिसाव्या वर्षी, दारूपायी. पाच मुलं आणि राज्य दोन्ही इंदिराराजेंवर पडलं आणि त्यांनी ते सांभाळलं. म्हणून प्रेमानं रंगेल माणूस सुधारतो असं पुस्तकानं छातीठोक सांगितलं की मी तिथे थांबते. इंग्रज कवी बायरनचंही बघा, १८१५ च्या जानेवारीत लग्न, पुढच्या वर्षी बायको मुलीला घेऊन माहेरी आणि हा देश सोडून गेला. सुधारतच नाहीत असं मी म्हणत नाही. पण पटायचं तर तो बदलताना दिसायला हवा, रोजच्या छोट्या गोष्टीत, कर्ज फेडताना, गप्प बसताना, एखाद्या रात्री घरी येताना.

मला हे इतकं का लागतं ते सांगते. मी कॉलेजात सेकंड इयरला होते, कमाटीबागेत म्युझियमसमोरच्या बाकावर वर्गातल्या एका मुलाशी बोलत बसले होते, नोट्ससाठी, खरंच नोट्ससाठी, आणि त्या मुलाचं नाव आधीच चार जणींबरोबर घेतलं जायचं. मी लुना काढून पंधरा मिनिटांत घरी पोचले पण बातमी माझ्या आधी पोचली होती. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून वालपापडी सोलत होती, दाणे ताटात आणि सालं पेपरावर, आणि तिनं मान वर केली नाही, एक शेंग सोलली, दुसरी सोलली, मग म्हणाली, "हात धुऊन ये." बस एवढंच. पुढचे तीन महिने भाऊ कॉलेजला सोडायला यायचा. त्या मुलाला काय झालं? काही नाही. त्याच्या फळियातली, म्हणजे गल्लीतली, माणसं कौतुकानं म्हणायची, भारी रंगेल आहे. आणि जिनं सांगितलं ती बाई मला पुढे म्हणाली, मी कुणालाच सांगितलं नाही गं, फक्त तुझ्या आईला.

त्यामुळे अशा पुस्तकात मी आधी हेच शोधते की तिच्या सदराचा फटका कुणाला बसला. उमरावाला चार टोमणे, क्लबात हशा, संपलं. पण त्याच्याबरोबर जिचं नाव आलं त्या मुलीचं काय? ज्या पुस्तकात नायिकेला एकदा तरी त्या मुलीच्या समोर जाऊन उभं राहावं लागतं ते पुस्तक मी दोनदा वाचते, आणि जिथे तो विषयच निघत नाही ते अर्ध्यात ठेवून देते, भाषा कितीही छान असो.

तर गेल्या दिवाळीपासून मी स्वतःच लिहायला घेतलंय. बडोदं, १९१२. नायिका बालविधवा आहे, मुलींच्या शाळेत शिकवते, सेंट्रल लायब्ररी नुकतीच सुरू झालीये तिथे जाते, आणि एका मराठी साप्ताहिकाला खोट्या पुरुषी नावानं "गावगप्पा" लिहून पाठवते. ते पोचतं कसं, तर लायब्ररीच्या फिरत्या पेट्या असायच्या ना, लाकडी, पुस्तकं भरून गावोगाव जायच्या, त्यातली एक पेटी छापखान्यावरून जाते. लायब्ररीची आजची मांडवीजवळची इमारत नंतरची, त्यामुळे तिथले ते काचेचे मजले मला कथेत घालता येत नाहीत याचं फार वाईट वाटतं, खालच्या मजल्यावर उभं राहिलं की वरून हिरवट उजेड झिरपतो आणि वर कुणी चाललं की नुसती सावली सरकते, चेहरा नाही. अशी बाई लिहायला याहून चांगली जागा नाही. कुणाला दाखवायची असेल तर मी घेऊन जाईन.

नायक सरदाराचा मुलगा, विलायतेहून परत आलेला, बाकी सगळं तेच. संस्थानात दरबारच्या माणसाचं नाव छापायची सोय नाही म्हणून ती त्याला "सुरसागरच्या काठचे एक गृहस्थ" म्हणते, सुरसागर म्हणजे बडोद्यातला तलाव. चाळीस पानं झालीत आणि ती रात्र मात्र मला जमत नव्हती, ती लिहीत नाही हे दाखवायचं कसं, न लिहिलेलं वाचकाला दिसणार कसं. तीन वेळा खोडलं.

मग परवा खंडेराव मार्केटात भाजी घेताना सुचलं. तेव्हाचा पेपर शिशाच्या खिळ्यांचा, कंपोझिटरनं, म्हणजे खिळे जुळवणाऱ्यानं, पानाचा फर्मा बांधलेला, सदराची जागा ठरलेली. ऐन वेळी तिनं एक ओळ काढून घेतली तर तिथे भोक पडणार, आणि कंपोझिटर ते भरणार हाताशी असेल त्यानं. म्हणजे गुरुवारी सकाळी नायक ओटल्यावर चहा घेत पेपर उघडतो, आज आपलं काय आलंय ते बघायला, गेल्या मंगळवारी तिनं आपल्याला कुठे पाहिलं ते त्याला पक्कं ठाऊक आहे. तो गावगप्पा वाचत खाली येतो, सुरसागर येतं, काठ येतो, आणि जिथे त्याचं नाक कापलं जायचं नेमकं तिथे, वेगळ्या टायपात, लिहिलेलं असतं की खंडेराव मार्केटात कांदे उतरले.

तो ती ओळ दोनदा वाचतो. मग कप खाली ठेवतो.