ठाण्यात बीटल्स आणि मावशीची सात आवर्तनं

नाशिकहून सकाळच्या पंचवटीने ठाणं गाठलं, मामलेदारची मिसळ हाणली, तलावपाळीवर फेरी मारली. दिवस संपला. खरं आलो होतो संध्याकाळसाठी: बीटल्सची गाणी जॅझमध्ये. सोबत मावशी. तिला बीटल्सशी काही देणंघेणं नाही, पण लग्नाआधी तबला शिकलेली, त्यामुळे कुठलंही वाद्य चालतं.

पहिला अर्धा तास नुसती चिडचिड. निवेदक माइक सोडेना. मग टाळ्या! स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीत, टाळी चारपैकी दोन आणि चार नंबरच्या मात्रेवर हवी, पब्लिक एक-तीन धरून बसलेलं. ड्रमर बिचारा दोन-चारवर हाय-हॅट, म्हणजे पायाने वाजवायची झांजांची जोडी, दाबून दाखवतोय, पण बघतंय कोण? त्यात मागचे काका प्रत्येक ओळ सॅक्सोफोनच्या आधी म्हणून मोकळे. तिकीट आम्हीही काढलं होतं हो.

मग 'यस्टरडे' आलं. 1965 च्या मूळ रेकॉर्डमध्ये पॉल मॅकार्टनी एकटा गिटार घेऊन गातो, साथीला व्हायोलिन, चेलो वगैरे चार तंतुवाद्यं. बाकीचे तिघे बीटल्स नाहीतच. इथे चाल उचलली डबल बासने, तीही बोटांनी नाही, गजाने. जाड तारेवरची राळेची खरखर तिसऱ्या रांगेत आमच्यापर्यंत येत होती. मावशीची बोटं गुडघ्यावर चालायला लागली. दुसऱ्या कडव्याला तिने मला कोपर मारलं.

"अरे, हे सातव्यालाच परत फिरतायत. आठवं कुठे गेलं?"

बरोबर होतं तिचं. चार-चार मात्रांचे बार (आपल्याकडची आवर्तनं म्हणा) मोजले तर या गाण्याचं कडवं सातच बारचं, मधला तुकडा मात्र आठचा. तो आला तशी म्हणाली, "आता आठ." सॅक्सोफोनवाल्याने पुढे चाल सोडूनच दिली, वाटेल तिकडे फिरून यायचा, पण सातव्याच्या शेवटी बरोबर दारात. मावशी दर वेळी अर्धा क्षण आधीच मान डोलवायची. काकांना धरायला शब्दच उरले नाहीत, ते गप्प. अख्ख्या संध्याकाळीतलं सगळ्यात मोठं सुख हेच, खोटं कशाला बोलू!

बाहेर रिक्षाच्या रांगेत तिने मोबाइलवर मूळ गाणं लावायला लावलं. दोन मिनिटांत आटोपलं.

"संपलं? आत्ता कुठे ठेका बसत होता!"