आमची वाटचाल : पीक बदललं की आकडे?

सुरुवातीला आम्ही हवामान बदलाच्या वाटेला गेलोच नव्हतो. कोणतं पीक किती क्षेत्रावर आहे, एवढंच आम्ही दोघं उपग्रहाच्या प्रतिमांवरून मोजून द्यायचो. सेंटिनेल-२ मालिकेतला पहिला उपग्रह २०१५ मध्ये आणि दुसरा २०१७ मध्ये वर गेला. दर पाच दिवसांनी दहा मीटर तपशिलाची प्रतिमा फुकट मिळू लागली, म्हणून तर आमचा धंदा उभा राहिला. विकतच्या प्रतिमा आम्हाला झेपल्याच नसत्या.

मग एका बियाणे कंपनीने विचारलं, गहू पूर्वीपेक्षा लवकर पिवळा पडतोय म्हणतात, ते खरं का? आम्हाला वाटलं, हे तर आठवड्याचं काम. निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि 'जवळचा अवरक्त' हा डोळ्यांना न दिसणारा प्रकाश परत फेकतं. या दोन आकड्यांच्या वजाबाकीला त्यांच्याच बेरजेने भागलं की एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा निर्देशांक, मिळतो. हंगामभराचा आलेख काढला की चढ, माथा आणि उतार दिसतो. उतार किती दिवस अलीकडे सरकला, एवढंच बघायचं होतं.

२०२२ च्या जानेवारीअखेरीस आलेख एकदम खाली बसला. आम्ही लगेच 'उष्णतेचा तडाखा' असा अहवाल पाठवून मोकळे झालो. उत्तरादाखल कंपनीच्या माणसाने शेतातला फोटो पाठवला. गहू हिरवागार!

दोन रात्री डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. २५ जानेवारीपासून प्रतिमांची प्रक्रिया बदलली होती. प्रत्येक पट्ट्याच्या, म्हणजे लाल, अवरक्त अशा प्रकाशाच्या एकेका भागाच्या, आकड्यात आता १००० जास्तीचे मिळवलेले असतात, ते वापरणाऱ्याने वजा करायचे. दोन्ही पट्टे सारखेच वाढले की वजाबाकी तीच राहते, बेरीज मात्र फुगते, आणि एनडीव्हीआय घसरतो. सूचना आधीच जाहीर झालेली होती. आम्ही वाचली नव्हती. अहवाल मागे घेतला, आणि त्या महिन्याचं बिलही लावलं नाही.

त्यानंतर जुन्या नोंदींकडेही आम्ही संशयाने बघायला लागलो. हवामानाविषयी बोलायचं तर तीसेक वर्षांची सरासरी हवी, म्हणजे लँडसॅट या अमेरिकेच्या जुन्या उपग्रहमालिकेला पर्याय नाही. १९७२ पासूनचा तो साठा २००८ मध्ये सगळ्यांना खुला झाला. पण त्यातले संवेदक दर पिढीला थोडे बदलले. लँडसॅट-७ मध्ये तर २००३ साली बिघाड झाला आणि पुढच्या प्रत्येक प्रतिमेत पट्ट्यापट्ट्यांनी जागा रिकामी येत गेली. हे सगळं एका मापात आणण्यातच या कामाचं पहिलं वर्ष गेलं.

आलेख शुद्ध झाला तरी प्रश्न सुटत नाही. उष्णता वाढली की पीक लवकर पिकतं, हे खरंच. पण पेरणी आठवडाभर आधी केली किंवा कमी दिवसांचं वाण लावलं, तरी उतार तसाच अलीकडे येतो. म्हणून पेरणीची तारीख आणि वाण कळल्याशिवाय आता आम्ही काम घेत नाही. काही गिऱ्हाइकं यावर वैतागतात. वैतागू देत.

भाताने तर आम्हाला पुरतं नमवलं. फुलोऱ्यात पारा साधारण ३५ अंशांच्या वर गेला की परागण बिघडतं आणि लोंब्या पोचट राहतात. पानं मात्र हिरवीच! वरून बघितलं तर पीक झकास. अशा वेळी हिरवेपणावर विसंबून चालत नाही. फुलोऱ्याचा काळ प्रतिमांवरून अंदाजायचा आणि त्या दिवसांची तासागणिक तापमानाची नोंद त्याच्याशी जुळवायची. पावसाळी पिकावर नेमके ढग असतात, तिथे ढगांपलीकडचं टिपणारा सेंटिनेल-१ उपग्रहाचा रडार कामी येतो.

आता आम्ही पाच जण आहोत. बियाणे कंपनी अजून आमच्याकडेच आहे. त्यांच्या गव्हाचा उतार सरकलाय खरा, पण त्यातला बराच भाग लवकर पेरणीचा निघाला. उरलेल्या भागासाठी त्यांना एकच आकडा हवा होता, आम्ही कमाल-किमान मर्यादा दिल्या. तक्त्यात पिकाच्या नावाआधी आता एक जास्तीचा रकाना असतो : प्रक्रियेची आवृत्ती.