पश्चिमेच्या भिंतीचा रंग

ठाण्यात खारकर आळीतल्या आमच्या घराची माडी सागवानी फळ्यांची आहे. एकीवर एक चढवलेल्या आडव्या फळ्या, आजोबांच्या वेळच्या. पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे सगळा मारा पश्चिमेच्या भिंतीवर. गेल्या वर्षी पावसाळा संपल्यावर तिचा रंग तळहाताएवढ्या पोपड्यांनी सुटू लागला. रंगारी बघून म्हणाला, "ताई, वरून दोन हात मारू, चार दिवसांत मोकळे." मला ते पटेना. बाकीच्या तीन बाजूंना तोच रंग होता, त्याच वेळी लावलेला, आणि तो जागच्या जागी होता. मग इथेच का सुटावा?

एक पोपडा उचलून उलटा केला. त्याला लाकडाचे तंतू चिकटून आले होते, आणि उघडी पडलेली फळी बोटाला गार, दमट लागली. दिवाळी होऊन आठवडा झाला होता तरी. म्हणजे पाणी फळीच्या मागून रंगाला ढकलत होतं. कारण जोडात सापडलं. मागच्या वेळच्या कारागिराने प्रत्येक फळीच्या खालच्या कडेची फट लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा, भरून बुजवली होती. दिसायला गुळगुळीत, पण मागे शिरलेलं पाणी गळून जायची वाट तीच असते. वाट बंद झाल्यावर पाणी फळीतच मुरलं. सगळ्यात खालच्या फळीच्या टोकाला पेचकस टेकवला, तर भिजलेल्या बिस्किटात जावा तसा अर्धा इंच आत गेला. फार वाईट वाटलं.

खरवडायला ब्लोलॅम्प, म्हणजे रंग जाळून सोडवायचा ज्योतीचा दिवा, आणतो, असं रंगारी म्हणाला. त्याला मी ठाम नकार दिला. हिरव्याखाली पिस्ता, त्याखाली निळा, असे जुने थर होते. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. जाळलं की धूर, कोरडं घासलं की धूळ, आणि खाली भाडेकरूंचं अकरा महिन्यांचं बाळ अंगणात रांगतं. म्हणून खाली प्लास्टिक अंथरलं, फवाऱ्याने पाणी मारत पत्रीने खरवडलं, तोंडाला चांगला मास्क. सगळी खरड जाड पिशव्यांत बांधून वेगळी दिली. या एका भिंतीला सहा दिवस लागले. बुजवलेल्या फटी मी स्वतः पातळ पात्याने एकेक मोकळ्या केल्या.

मग थांबलो. रंगाऱ्याला दुसरं काम होतं, त्याला म्हटलं, जाऊन ये. तीन आठवडे उन्हाने फळ्या वाळल्या. कुजलेल्या दोन सुताराने बदलल्या, जुनंच सागवान मिळवून. बसवण्याआधी त्यांच्या मागच्या बाजूला प्राइमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, लावून घेतला आणि कापलेल्या टोकांना दोनदा, कारण लाकूड पाणी सर्वांत जास्त टोकाकडूनच पितं.

क्रमही महत्त्वाचा. आधी प्राइमर, मग खिळ्यांच्या भोकांत खडूची पूड आणि अळशीचं तेल मळलेली लांबी, त्यावर पुन्हा प्राइमर. कोरड्या फळीत थेट लांबी भरली तर लाकूड तिचं तेल शोषून घेतं आणि ती तडकते. पश्चिमेची भिंत दुपारपर्यंत सावलीत असते, म्हणून दव सुकल्यावर दहाला सुरुवात आणि एकच्या आत ब्रश धुवायला. बाहेरच्या लाकडाचा रंग, दोन हात, मध्ये एक दिवस. रंग हिरवाच ठेवला. आईचा तेवढाच हट्ट होता.

या जूनमध्ये पहिल्या मोठ्या सरीनंतर छत्री घेऊन खाली उभी राहिले. फळ्यांच्या खालच्या कडांना थेंब ओळीने लोंबत होते, आणि मोकळ्या फटींतून एकेक करून टपकत होते. खिडक्यांच्या चौकटी अजून राहिल्या आहेत. त्या येत्या डिसेंबरात.