आहेराची पिशवी आणि मागचा कॅमेरा

नाशिकला लग्न म्हटलं की लॉन्स. औरंगाबाद रोडला आडगाव नाका ओलांडला की कमानीला कमान लागून लॉन्स आहेत, आणि मे महिन्यातल्या मोठ्या तिथीला त्या रस्त्यावर एका वेळी तीन-तीन नवरदेव ट्रॅफिकमध्ये अडकलेले असतात. शहराचं नाव बदललं, रस्त्याला मात्र लोक अजून औरंगाबाद रोडच म्हणतात.

मी अंबडला एका कंपनीत टूलरूममध्ये आहे. व्हिडिओ काढणं ही माझी हौस. नात्यातली लग्नं, मित्रांच्या घरची बारशी, कुणाची साठी, एकदा तर वर्षश्राद्धाचं कीर्तनसुद्धा केलंय. पैसे घेत नाही, त्यामुळे "अरे, इकडचा एक काढ ना" असं कुणीही हक्काने ओरडतं आणि पंगतीला बसवायला मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही.

या लग्नाला ऑर्डरवाले वेगळे होते. दोन फोटोवाले, एक कँडिडवाला, गिंबल म्हणजे कॅमेरा हलू न देणारी दांडी घेऊन फिरणारा एक, ड्रोन, कॅमेरा उंच फिरवणारी लांब जिब आणि स्टेजच्या बाजूला भली मोठी एलईडी वॉल. मुलीचे वडील म्हणजे आमचे नाना, लांबच्या नात्यातले. त्यांनी मला फक्त म्हटलं होतं, "तू तुझं घरच्यासारखं घे. त्यांचं येईल तेव्हा येईल."

घरच्यासारखं म्हणजे माझ्या लेखी दोन गोष्टी. एक कॅमेरा हातात, माणसांमध्ये. दुसरा मांडवाच्या मागच्या टोकाला उंच ट्रायपॉडवर, सगळा मांडव एका चौकटीत घेणारा, हलवायचा नाही, झूम करायचा नाही. ऑर्डरवाले दहा-पंधरा सेकंदांचे तुकडे घेतात, तेही नवरा-नवरीचेच, कारण त्यांना पुढे गाण्यावर ते बसवायचे असतात. त्यात मुलीची आजी कुठे बसली होती, कोण कुणाला भेटलं, हे राहूनच जातं. माझा मागचा कॅमेरा दिसायला अगदी कंटाळवाणा. पण घरातले लोक वर्षभराने पुन्हा बघतात ते तेच.

मुहूर्त गोरज होता, पावणेसातचा. पावणेसातला स्टेजवर सत्कार चालू होते. टॉवेल, टोपी, नारळ, मग "वधू-वरांना शुभाशीर्वाद देण्यासाठी" एकेक पुढारी. कुणाचं नाव राहिलं तर पुढच्या निवडणुकीपर्यंत रुसवा, म्हणून सूत्रसंचालक चिठ्ठ्या वाचतच होता. अक्षता पडायला साडेसात वाजून गेले. मला याचा राग एवढ्याचसाठी, की माझा मागचा कॅमेरा जुना आहे आणि तो २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबतो. युरोपात तीस मिनिटं किंवा जास्त सलग रेकॉर्डिंग करणारा कॅमेरा व्हिडिओ कॅमेरा धरून त्यावर आयातशुल्क लावायचे, म्हणून कंपन्यांनी ही मर्यादा घातली. ती आली आमच्या मांडवापर्यंत. मंगलाष्टकं चालू असताना तो बंद झाला. मी तेव्हा स्टेजपाशी. गर्दी फोडत मागे जाऊन पुन्हा बटण दाबेपर्यंत अक्षता पडून गेल्या होत्या आणि ताशा सुरू झाला होता.

आठच्या सुमाराला नानांचे धाकटे भाऊ मला शोधत आले. "दादा, नानांनी बोलावलंय. आत ये."

आत म्हणजे भटारखान्याच्या मागची खोली. तिथे एका पाण्याच्या जारवर वाढपी पोरगा बसवलेला. एकोणीस-वीस वर्षांचा, पेठ तालुक्यातला, तिथीच्या दिवसांत केटररबरोबर येणाऱ्यांपैकी. भोवती सात-आठ माणसं. आहेराची पाकिटं ठेवलेली लाल रेक्झिनची पिशवी टेबलावरून गेली होती. आहेर लिहायला बसलेले अण्णा म्हणत होते, "अक्षता टाकायला उठलो, तेवढ्यात." आणि कुणीतरी सांगितलं होतं की हाच पोरगा मघाशी टेबल पुसत होता. बस. त्याचा मोबाइल काढून घेतलेला, खिसे उलटे केलेले. नवरदेवाकडचा एक जण हे सगळं फोनवर शूट करत होता.

नाना मला म्हणाले, "तुझ्या कॅमेऱ्यात असंल ना रे काही?"

असणार होतं. आहेराचं टेबल मागच्या कॅमेऱ्याच्या डाव्या कोपऱ्यात येत होतं. ऑर्डरवाल्यांना आधी विचारून झालं होतं. त्यांच्याकडे टेबलाचा एक सेकंदही नव्हता.

मी आधी कार्ड काढून त्याच्या बाजूची बारीक खिटी लॉकवर सरकवली, म्हणजे त्यावरचं काही पुसलं जाणार नाही. मग लॉन्सच्या ऑफिसात लॅपटॉप उघडला. सगळेच आत घुसायला लागले तेव्हा म्हटलं, नाना, अण्णा आणि केटरर, एवढेच. मांडवभर फिरलेल्या कॅमेऱ्यात काय काय असतं हे ज्याने तासन्‌तास बघितलंय त्याला विचारा. कोण कुणाला बघून तोंड फिरवतो, कोण मांडवामागे कशाला जातो. ते शोधायला मी बसलो नव्हतो आणि कुणाला दाखवायलाही नाही.

बंद होण्याआधीच्या शेवटच्या सेकंदात पिशवी टेबलावर होती. अण्णा उठून स्टेजकडे तोंड करून उभे, हातात अक्षता. पुढची क्लिप चालू झाली तेव्हा टेबल मोकळं. पिशवी गेली ती नेमकी मधल्या वेळात. अण्णांनी कपाळाला हात लावला. केटरर काहीच बोलेना, पण त्याचा चेहरा सांगत होता की पोरगा गेला आता.

मग फोन मागवले. हल्ली लग्नात अक्षता टाकणाऱ्यांपेक्षा त्या शूट करणारे जास्त, हे एरवी मला खुपतं, त्या दिवशी खुपलं नाही. नवरीचा भाचा, आठवी-नववीतला, खुर्चीवर उभा राहून स्टेजकडे पाठ करून पाहुण्यांचा व्हिडिओ काढत होता. लांबलचक, हलणारा, अधूनमधून स्वतःचंच तोंड. त्यात एलईडी वॉलच्या उजेडाने काळे पट्टे फिरत होते. ही वॉल डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगाने चालू-बंद होत असते, फोनच्या शटरशी तिचा मेळ बसला नाही की असे पट्टे येतात. त्यांत लाल रंग मधेच चॉकलेटी दिसत होता.

पण हा व्हिडिओ मधल्या वेळातलाच आहे हे कशावरून? कॅमेऱ्याच्या घड्याळावर अशा वेळी भरवसा ठेवायचा नसतो, ते मिनिटा-दोन मिनिटांनी इकडेतिकडे सरकतंच. मी आवाज धरला. चौथ्या मंगलाष्टकाच्या "सावधान"ला गुरुजींच्या माइकने कानठळ्या बसवणारी शिट्टी मारली होती. माझ्या क्लिपमध्ये आणि भाच्याच्या फोनमध्ये आवाजाच्या रेषेत तोच उंच काटा. दोन्ही काटे एकावर एक ठेवले, माझी क्लिप संपते ती जागा फोनच्या व्हिडिओत मिळाली. तिथून पुढे एकेक सेकंद.

शेवटचं मंगलाष्टक. अक्षता उडतायत. नानांची बहीण, सिन्नरची आत्या, टेबलापाशी येते, इकडेतिकडे बघते, पिशवी उचलते, पदराखाली धरते आणि नवरीच्या खोलीकडे निघते. तेवढ्या वेळात तो पोरगा चौकटीच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टेबलापाशी ग्लास भरतोय. पट्टे असले तरी ओळखू येत होता.

आत्या घरी निघून गेली होती. तिच्या यजमानांची तब्येत बरी नसते, म्हणून पहिल्याच पंगतीला जेवून दोघं निघाली. तीन रिंगनंतर फोन उचलला. "मीच ठेवली की! टेबलावर कुणी नव्हतं, अशी कशी सोडायची? शालूच्या खोक्यात बघा, कपाटात. मी सांगितलं होतं ना पोरीला." कुठल्या पोरीला सांगितलं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. पिशवी खोक्यात होती.

अण्णांनी आधी पाकिटं वहीशी ताडून पाहिली. मग कुणाला तरी पोराची आठवण झाली. नानांनी स्वतः त्याचा फोन परत दिला, हात जोडले, जेवून जा म्हणाले. पोरगा जेवला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, तो व्हिडिओ काढलाय माझा, तो गेलाय का कुठे?"

गेला होता. जारवर बसलेला पोरगा, खाली "चोर सापडला". दोन्हीकडच्या ग्रुपवर. ज्याने टाकला त्याने "सर्वांसाठी डिलीट" केला, पण ज्यांच्या फोनमध्ये तो आपोआप उतरला होता त्यांच्यापैकी काहींच्या गॅलरीत तो राहू शकतो. मी भाच्याच्या व्हिडिओतून तुकडा कापला. आत्याचा चेहरा कापून टाकला, नाहीतर तिला सगळं घर वर्षभर चिडवलं असतं. फक्त हात, पिशवी आणि दुसऱ्या टोकाला पाणी भरणारा पोरगा ठेवला. तो मी टाकला असता तर कुणी बघितला नसता, म्हणून नानांच्या फोनवरून दोन्ही ग्रुपवर टाकायला लावला आणि खाली त्यांनाच लिहायला सांगितलं की मुलाचा काही दोष नव्हता, चूक आमची. नानांना हे लिहायला जड गेलं. पण लिहिलं. एक प्रत पोराला आणि एक केटररला पाठवली, पुढच्या तिथीला त्याला पुन्हा कामावर घ्यावं म्हणून.

महिन्याभराने मी लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेऊन गेलो. नाना म्हणाले, "तेवढं पिशवीचं काढून टाकलंस ना?" काढलं होतं. पोरगा सत्काराच्या वेळी पाहुण्यांना पाणी देताना दिसतो, ते ठेवलं. नानांनी ते बघितलं, काही म्हणाले नाहीत. चहा झाल्यावर निघताना म्हणाले, "धाकटीच्या लग्नात आहेराच्या टेबलाला एक वेगळा कॅमेरा लाव बरं का."

मी म्हटलं, "नाना, टेबलाला माणूस बसवा."